पोच जपून ठेवा
(रत्नागिरी जिल्ह्यातल्या कातकरी वाड्यांच्या बैठकीतलं भाषण)



महिन्याचा पाऊस आता एका रात्रीत पडतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, खेडच्या पोसऱ्यात दरडीखाली माणसं गेली. हवा बिघडवली दुसऱ्यांनी, भोगतोय आपण.

दाद मागायची कुठं? मुंबईच्या आरेत पाड्यांवरचे आदिवासी आणि कॉलेजची पोरं मेट्रोच्या कारशेडविरुद्ध लढत होती. ४ ऑक्टोबर २०१९ ला हायकोर्टानं याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती चालल्या. २९ जणांना अटक झाली. तेव्हा कायदा शिकणाऱ्या पोरांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. दसऱ्याच्या सुट्टीत, ७ ऑक्टोबरला, सुप्रीम कोर्ट बसलं आणि तोड थांबवली. पण तोवर २,१४१ झाडं पडली होती.

म्हणजे पोरांचं पत्रही कोर्ट ऐकतं. पण करवत आधी पोचते, कोर्ट मागून. म्हणून आपला कागद करवतीच्या आधी तयार पाहिजे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. २०१३ साली ओडिशात नियमगिरीचा प्रश्न सुप्रीम कोर्टानं ग्रामसभांपुढं ठेवला. बाराही ग्रामसभांनी खाणीला नाही म्हटलं.

शिकलेल्या पोरांनो, म्हाताऱ्यांना सोबत घेऊन जंगलाची हद्द फिरा, नकाशा काढा, सामूहिक दावा लिहा, ठराव करा. मागं आम्ही दावे दिले, पोच घेतली नाही. पुढं कागदच सापडेना. ती चूक परत नको.

लढू, आणि लिहूनही ठेवू. जिंदाबाद!