यमूचे मन



आज मी एका कादंबरीतील मुलीविषयी चार शब्द बोलणार आहे. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रात क्रमशः प्रसिद्ध झाली. पुण्याची यमू तीत आपली कहाणी स्वतःच सांगते.

भातुकली खेळण्याच्या वयात यमूचे लग्न होते. स्थळ मोठी माणसे ठरवितात, तिला कोणी विचारीत नाही. नवरा म्हणजे काय, हे कळण्याचे ते वयच नव्हे. मग या परक्या माणसाविषयी, रघुनाथरावांविषयी, तिच्या मनात प्रेम उपजते कसे? ते तिला वाचावयास शिकवितात, तिच्याशी बोलतात, तिला माणूस मानतात. संकोच जाऊन विश्वास येतो आणि विश्वासातून प्रेम. मुंबईतला त्यांचा संसार सुखाचा होतो.

१८१३ सालच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या इंग्रजी कादंबरीतील एलिझाबेथ डार्सीची मागणी प्रथम तोंडावर नाकारते. पुढे त्याचे पत्र पुन्हा पुन्हा वाचून ती स्वतःची चूक ओळखते आणि दुसऱ्या वेळी होकार देते. नकार देता येत होता, म्हणूनच त्या होकाराला मोल आले.

यमूला ती मोकळीक नव्हती. नवरा चांगला निघाला, हे केवळ तिचे नशीब. तिची मैत्रीण दुर्गी तितकी नशीबवान नव्हती. आणि रघुनाथराव वारल्यावर यमूचेही जबरदस्तीने केशवपन झाले. घरात तिच्या शब्दाला किंमतच नव्हती.

पालकहो, निकाहात मुलीची संमती विचारतात. परंतु जिला आजवर बोलूच दिले नाही, तिने मान खाली घालून दिलेला हुंकार ही संमती होते काय? भोर-वेल्ह्याच्या डोंगरातून पायपीट करून, एस.टी. धरून मुली शाळेत येतात. चांगले स्थळ आले, की वडील दाखला मागावयास येतात. मुलगी मागे उभी असते. मी विचारतो, "बेटा, तुझे काय म्हणणे आहे?" ती वडिलांच्या तोंडाकडे पाहते.

तिला आधी शिकू द्या. मग विचारा, आणि ती 'नाही' म्हणाली तरी रागावू नका. आपट्यांनी कादंबरीच्या नावातच प्रश्न विचारला आहे. त्याचे उत्तर आपण घरी द्यावयाचे आहे.