पाकशाळेतील उमेदवारी



सकाळी पाकशास्त्राच्या महाविद्यालयात पांढरी टोपी घालून बसणारी आणि संध्याकाळी एखाद्या उपाहारगृहाच्या मुदपाकखान्यात सर्वांत खालच्या हुद्द्यावर कांदे सोलणारी जी मुले-मुली आज आपल्या शहरांतून दिसतात, त्यांच्याविषयी मला बोलायचे आहे. फीचा हप्ता, खोलीचे भाडे आणि गावी पाठवायचे चार पैसे यांची तजवीज दुसऱ्या कोणत्याही मार्गाने होत नाही म्हणून ती हे दुहेरी आयुष्य पत्करतात, आणि आपण ‘मुलगा कष्टाळू आहे’ एवढे म्हणून मोकळे होतो. शाळा आणि भट्टी यांचा मेळ घालण्याची जोखीम अठरा-एकोणीस वर्षांच्या त्या जिवावर टाकणे अन्यायाचे आहे, ती महाविद्यालयाच्या दप्तराने आणि उपाहारगृहाच्या मालकाने उचलली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही विद्या शतकानुशतके केवळ उमेदवारीनेच हस्तगत होत असे. आचाऱ्याच्या हाताखाली राहावे, पाणी भरावे, वाटण वाटावे आणि कधीतरी उस्तादाची मर्जी झाली तर फोडणीला हात लावावा, हा शिरस्ता जसा आपल्याकडे होता तसाच तो फ्रान्समध्येही होता. हॉटेलच्या स्वयंपाकघराची विभागवार रचना ज्यांनी रूढ केली आणि ज्यांचा १९०३ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ पाकविद्यालये आजही प्रमाण मानतात, ते ओग्यूस्त एस्कॉफिए तेराव्या वर्षी नीस येथे काकांच्या उपाहारगृहात कामाला लागले होते. आपल्याकडे लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने १९५४ साली मुंबईत या विषयाचे महाविद्यालय निघाले, आणि हळूहळू स्वयंपाक हा पदवीचा विषय झाला. उमेदवारी मात्र गेली नाही, आणि जाऊही नये.

कारण दोन्ही ठिकाणी जे मिळते ते एकमेकांवाचून अपुरे आहे. महाविद्यालयातील प्रात्यक्षिकात विद्यार्थी मोजून दिलेल्या जिनसांतून चार माणसांचे जेवण तीन तासांत करतो. भट्टीवर मात्र नवा कॉमी, म्हणजे सर्वांत खालच्या हुद्द्याचा स्वयंपाकी, वीस किलो कांदा चिरतो, आणि पहिल्या पाच किलोंनंतर त्याच्या मनगटाला सुरीचे जे वळण लागते ते कोणताही प्राध्यापक फळ्यावर काढून दाखवू शकत नाही. उलट, कांदा-टोमॅटोच्या वाटणाला तेल सुटेपर्यंत उलथणे थांबवायचे नाही, हे उस्तादाला पक्के ठाऊक असते. पण वाटणातील पाणी आटेपर्यंत त्याचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर चढत नाही, आणि ते चढल्यावाचून कांद्याला तो खमंग तांबूसपणा येत नाही, हे कारण वर्गात बसलेल्यालाच कळते. ज्याला कारण कळले त्याला दुसऱ्या शहरात, दुसऱ्या शेगडीवर, दुसऱ्या जातीच्या कांद्यावर तोच पदार्थ साधता येतो.

भाताचेच उदाहरण पाहा. रात्रीच्या फ्राइड राइससाठी दुपारी शिजवलेला भात खोल पातेल्यात झाकून ओट्यावर ठेवण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. भातातील काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि पातेल्याच्या मध्यभागी भात तासन् तास कोमट राहिला की ते रुजून विष निर्माण करतात, जे पुन्हा परतल्यानेही नाहीसे होत नाही. म्हणून भात उथळ परातींत पसरून लवकर निववावा आणि शीतकपाटात ठेवावा, हे विद्यार्थ्याने त्याच आठवड्यात वहीत उतरवलेले असते. पण ज्याची हजेरी मांडण्यापासून सुट्टी ठरवण्यापर्यंत सारे उस्तादाच्या हाती आहे, त्याने उस्तादाला हे सांगावे कसे? मी पाहिलेल्या एका मुलीने काही न बोलता परात घासली, भात पसरला, आणि उस्तादाने विचारल्यावर ‘दाणा मोकळा राहतो, उस्ताद’ एवढेच उत्तर दिले. तेही खरेच होते. दुसऱ्या दिवसापासून तेथे परात हीच वहिवाट झाली. विद्या आणि अदब यांचा असा संगम मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे.

आता वेळेचा मामला. श्रमिकांची शाळा हा महाराष्ट्राला नवा विचार नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, आणि पुढे मुंबईच्या रात्रशाळांनी गिरणीत राबणाऱ्या कितीतरी मुलांना शिकवले. शाळेने आपली वेळ श्रमिकाच्या वेळेशी जुळवली, हे त्या उपक्रमांचे मर्म होय. परंतु स्वयंपाक्याला रात्रशाळा निरुपयोगी आहे, कारण इतरांची फुरसत हीच त्याच्या कामाची घटका! ब्रेक शिफ्ट म्हणजे सकाळी अकरा ते तीन आणि पुन्हा सात ते अकरा. त्यानंतर भट्टी घासणे, उरलेल्या जिनसांवर तारखा चिकटवणे आणि शेवटची लोकल. महाविद्यालयाला शनिवार-रविवारची सुट्टी असते, आणि तेच दोन दिवस उपाहारगृहात सर्वाधिक गर्दीचे; म्हणजे या मुलांच्या पंचांगात विश्रांतीचा वारच नाही. चिरताना डाव्या हाताची बोटे आत दुमडलेली असावीत हा पहिल्या दिवशीचा पाठ आहे, पण निद्रेने जडावलेल्या हाताची बोटे आपोआप उलगडतात, आणि सुरी कोणाची गय करीत नाही.

या बाबतीत कायद्याने एके काळी चांगली दृष्टी दाखवली होती. १९६१च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली १९९२ साली जे नियम झाले, त्यांत उमेदवाराचे आठवड्याचे तास ४२ ते ४८ ठरवताना वर्गातील शिक्षणाचा वेळही त्यांतच धरला होता, आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत परवानगीवाचून त्याला कामावर लावण्यास मनाई होती. २०१४च्या दुरुस्तीने तास ठरवण्याचा अधिकार मालकाकडे गेला, ही गोष्ट मला खेदाची वाटते. शिवाय जो विद्यार्थी आपण होऊन नोकरी धरतो तो या कायद्याच्या अर्थाने उमेदवारच नसतो. याउलट जर्मनीत स्वयंपाक्याची उमेदवारी तीन वर्षांची असते, शाळेसाठी त्याला मोकळीक देणे मालकावर बंधनकारक असते, आणि त्या वेळेचा मोबदला कापला जात नाही.

आपल्याकडे कायदा बदलेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. सोमवार-मंगळवारी बहुतेक उपाहारगृहे मंदावतात. महाविद्यालयांनी लांबची प्रात्यक्षिके त्या दिवशी ठेवावीत, आणि मालकांनी शिकणाऱ्या नोकराची साप्ताहिक रजा त्यांतल्याच एका वारी द्यावी. परीक्षेचे वेळापत्रक हाती येताच त्याची प्रत सू-शेफच्या (उपमुख्य आचाऱ्याच्या) हजेरीपटाशेजारी लावली जावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भट्टीवरील कामाची नोंदवही, सू-शेफच्या सहीनिशी, महाविद्यालयाने प्रात्यक्षिकाच्या गुणांत धरावी. जो रोज वीस किलो कांदा चिरतो त्याला भाज्या चिरण्याच्या तासाला पुन्हा उभे करण्यात काय हशील आहे? तेवढा वेळ त्याने प्रयोगशाळेत घालवावा, पदार्थाच्या किमतीचा हिशेब शिकण्यात घालवावा, नाहीतर सरळ वसतिगृहावर जाऊन झोपावे. तिन्हींची त्याला सारखीच निकड आहे.