आगोटीची बेगमी आणि स्वतःचे घर

(कुटुंब मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केलेली नाही. ज्याच्या हाती दर महिन्याच्या एक तारखेला ठरावीक पगार पडतो, त्यालाही घर घेताना घाम फुटतो. मग ज्याच्या मिळकतीला तारीखच नाही, त्याने काय करावे? मंडपवाला, आचारी, सनईवादक, फुलवाला यांचा हंगाम तुळशीच्या लग्नापासून सुरू होतो आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की मुहूर्तांबरोबर आटतो. पेणचा मूर्तिकार वर्षभर मातीत हात घालून बसतो, पण त्याचा मुख्य पैसा भाद्रपदाच्या आसपास येतो. रिक्षाचालक, गवंडी, नाट्यकलावंत, शिकवणीचे वर्ग घेणारी भगिनी, या साऱ्यांचा संसार असाच भरती-ओहोटीवर चालतो. अशा कुटुंबाला स्वतःचे छप्पर मिळणे हे केवळ नशिबाचे काम आहे, असे मानण्याचे कारण नाही.

परंपरेने दिलेले शहाणपण

मासिक पगार ही आपल्या समाजात अलीकडची गोष्ट आहे. शेतकऱ्याला पैसा सुगीला मिळे. सुतार, लोहार, कुंभार, परीट या बलुतेदारांना त्यांच्या वर्षभराच्या सेवेचे धान्य खळ्यावर मिळे. म्हणजे वर्षातून एकदाच येणाऱ्या मिळकतीवर बारा महिने काढण्याची विद्या आपल्या घराघरांत होती. कणग्या भरल्या जात, पेवे बुजवली जात, पुढच्या पेरणीचे बियाणे वेगळे काढून ठेवले जाई. घरात कितीही ओढ लागली तरी त्या बियाण्याला हात लावायचा नाही, हा दंडक होता. कोकणात पावसाळ्यापूर्वी आगोटीची बेगमी होई. लाकूडफाटा, सुकी मासळी, मीठ-मिरची, पापड-कुरडया हे सारे मृगाच्या आत घरात येई.

आज गरज आहे ती हीच बेगमी पैशाच्या रूपात करण्याची. हंगामात हाती आलेली रक्कम ही त्या महिन्याची नसून वर्षाची असते, हे एकदा मनाने स्वीकारले की निम्मे काम झाले. अनियमित मिळकतीची कुटुंबे बहुधा कमी मिळकतीमुळे अडचणीत येत नाहीत. भरल्या महिन्याच्या मानाने खर्च वाढवतात आणि रित्या महिन्यात सोने गहाण ठेवतात, तिथे घसरण सुरू होते.

हिशेबाची रीत

उदाहरण घेऊ. समजा, एका मंडप व्यावसायिकाची गेल्या तीन वर्षांची निव्वळ मिळकत अनुक्रमे ४ लाख २० हजार, ३ लाख ६० हजार आणि ३ लाख ९० हजार रुपये आहे. त्याने सरासरी काढू नये, सर्वांत वाईट वर्ष धरावे. ३ लाख ६० हजार म्हणजे महिना ३० हजार. त्यातील सहा हजार आधी घरासाठी बाजूला काढावेत आणि उरलेले २४ हजार दर महिन्याला गृहिणीच्या हाती 'पगार' म्हणून द्यावेत. हंगामात लाख आले तरी २४ हजार, आणि काही न आले तरी २४ हजार.

पुढची तीन वर्षे अशीच गेली, तर ठरावीक बचत २ लाख १६ हजार होईल आणि चांगल्या वर्षांची वरकड ९० हजार. एकूण ३ लाख ६ हजार. त्यातील पहिले ९६ हजार, म्हणजे चार महिन्यांचा खर्च, ही आगोटीची बेगमी. तिला घराच्या पैशात मोजायचे नाही. आजारपण, कामाचा खंड, बुडालेले बिल यांसाठी ती आहे. उरलेले २ लाख १० हजार हा घराचा पाया. पुढे दरसाल सुमारे १ लाख २ हजार पडत गेले, तर सातव्या वर्षाअखेर ६ लाख १८ हजार जमतात. यात व्याज धरलेले नाही आणि महागाईही धरलेली नाही.

तालुक्याच्या गावी १५ लाखांची लहान सदनिका घ्यायची झाली, तर पाच लाख स्वतःचे आणि दहा लाखांचे कर्ज, शिवाय मुद्रांक शुल्क व नोंदणी यांसाठी लाख-सव्वा लाख, असा हा मेळ बसतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. पण मिळते म्हणून सारी घ्यावी असे नाही. नऊ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी दहा लाखांचा मासिक हप्ता सुमारे नऊ हजार होतो आणि वीस वर्षांत साडेअकरा लाखांहून अधिक रक्कम नुसत्या व्याजापोटी जाते. हप्ता ठरवतानाही निकष एकच असावा : सर्वांत वाईट वर्षातही तो भरता आला पाहिजे.

हंगामी मिळकतवाल्याला एक सवलत वरदान ठरते. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जाची मुदतपूर्व फेड केल्यास बँकेने दंड आकारू नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश २०१२पासून आहे. वरील कर्जात दरवर्षी हंगामाच्या शेवटी एकच जादा हप्ता भरला, तरी कर्ज सुमारे साडेतीन वर्षे आधी फिटते आणि व्याजाचे सव्वादोन लाखांहून अधिक रुपये वाचतात.

सावधपणा

कर्ज देणारी संस्था कागद पाहते. म्हणून मिळकत बँकेच्या खात्यातून यावी आणि प्राप्तिकराचे विवरणपत्र दरवर्षी भरलेले असावे, कर लागत नसला तरीही. बचत कोठे ठेवावी, यातही विवेक हवा. बँकेतील ठेवीला फेब्रुवारी २०२०पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. हे संरक्षण सहकारी बँकांनाही आहे, पतसंस्थांना मात्र नाही. भिशी आणि 'दामदुप्पट' योजना यांत घराचे बियाणे पेरू नये. घर घेताना प्रकल्प महारेराकडे नोंदलेला आहे का, ते पाहावे. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी विकसकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हे ठाऊक असावे. घर गृहिणीच्या नावे घेतल्यास महाराष्ट्रात २०२१पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पैशापलीकडेही या सवलतीचे मोल आहे.

काटकसर कुणाच्या जिवावर?

काटकसर आणि कृपणता यांत अंतर आहे. काटकसर अनावश्यक गोष्टी गाळते, कृपणता आवश्यक गोष्टींनाही कात्री लावते. अनेक घरांत घरासाठी बचत चालते, तेव्हा पुरुषाचा चहा-पानाचा खर्च तसाच राहतो आणि गृहिणीचे औषध, तिचा दुधाचा पेला, मुलीच्या शाळेची सहल हे मुकाट्याने गाळले जाते. तिने स्वतःहून गाळले, म्हणून ते न्याय्य ठरत नाही. सात वर्षांनी चार भिंती उभ्या राहिल्या आणि त्यांत राहायला येणारी माउली पंडुरोगाने खंगलेली असली, तर त्या वास्तुशांतीला अर्थ काय? म्हणून काय गाळायचे ते साऱ्या कुटुंबाने एकत्र बसून ठरवावे. आहार, औषध, शिक्षण आणि दारी आलेल्या अतिथीचा घोटभर चहा यांना हात लावू नये. लग्न-मुंजीतला बडेजाव, हप्त्यावरचा मोबाईल, शेजाऱ्याने घेतली म्हणून घेतलेली दुचाकी यांना खुशाल लावावा.

समाजाचे देणे

घराचे काम एकट्याने अवघड, संघटितपणे सुकर. मुंबईत गावदेवी येथे १९१५मध्ये सारस्वत समाजाने सहकारी गृहनिर्माण संस्था उभारली. देशातील या चळवळीचा तो प्रारंभ मानला जातो. सोलापुरात हजार विड्यांमागे मजुरी घेणाऱ्या महिलांनी संघटनेच्या बळावर कुंभारी येथे दहा हजार घरांची वसाहत उभी केली. २००६मध्ये त्या घरांचे हस्तांतरण झाले, तर २०२४च्या जानेवारीत तिथल्याच रे नगरमध्ये असंघटित कामगारांना पंधरा हजार घरे मिळाली. विचारधारा कोणतीही असो, या कष्टकऱ्यांची चिकाटी वंदनीय आहे.

पण पगारदार मध्यमवर्गाने स्वतःलाही एक प्रश्न विचारावा. या कुटुंबांची मिळकत अनियमित कोण करते? लग्न थाटात पार पडते, हॉलचे भाडे आगाऊ भरलेले असते आणि आचाऱ्याला, सनईवाल्याला, मंडपवाल्याला मात्र 'पुढच्या महिन्यात या' असे सांगितले जाते. त्याचा तो पुढचा महिना चातुर्मासातला असतो. आपल्याला विसर पडलेले ते सहा हजार त्याच्या घराची एक वीट असतात. श्रमाचे मोल ठरल्या दिवशी, घासाघीस न करता चुकते करणे याला दान म्हणत नाहीत. ते ऋण आहे, आणि ऋण फेडण्यातच गृहस्थधर्म आहे.

तेव्हा अनियमित मिळकतीच्या कुटुंबाने आज घरी गेल्यावर गेल्या तीन वर्षांचा हिशेब मांडावा. आणि ज्यांना नियमित पगार आहे, त्यांनी कुणा कष्टकऱ्याचे देणे थकले असल्यास ते उद्या सकाळी चुकते करावे.