मुक्या जिवांची विषबाधा आणि मज्जासंस्थेची तपासणी



जीवदया म्हटले की पांजरपोळ, चारा आणि पाणी यांची आठवण होते. आजारी जनावराकडे पाहावे कसे, हा विचार मात्र क्वचितच होतो. वारंगा फाट्याच्या परिसरात तो अगत्याने व्हावयास हवा. नांदेड, हिंगोली आणि यवतमाळकडील रस्ते येथे मिळतात आणि रस्ता सोडताच कापूस, सोयाबीन व ज्वारीची शिवारे लागतात. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या फवारणीच्या हंगामात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले. माणसाला निदान 'डोळ्यांपुढे अंधारी येते' एवढे तरी सांगता येते. फवारणीचा पंप धुतलेले पाणी प्यालेली गाय काय सांगणार?

पण ती सांगते. कीटकनाशकांपैकी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषधे मज्जातंतूंचा संदेश थांबविणारे विकर निकामी करतात. संदेश थांबतच नाही. मग लाळ गळते, डोळे पाझरतात, पातळ शेण होते, स्नायू थरथरतात, श्वास घरघरतो आणि डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. शिशाची बाधा निराळी. जुन्या बॅटरीच्या फुटक्या पट्ट्या जनावरे आवडीने चाटतात. असे जनावर दात खाते, गोल फिरते, भिंतीला डोके टेकून उभे राहते आणि आंधळे होते. तरी बॅटरीचा प्रकाश टाकला की बाहुली आकसते, कारण दोष डोळ्यात नसून मेंदूत असतो. पावसाने ताण दिल्यावर खुंटलेली कोवळी ज्वारी खाल्ली तर 'किराळ' लागते. त्यात सायनाइडमुळे तोंडाची आतली त्वचा लालभडक दिसते आणि जनावर थोड्याच वेळात कोसळते.

तिन्हींचे उपचार वेगळे आहेत. पहिल्यात पशुवैद्य अ‍ॅट्रोपीन देतात, किराळ लागल्यास सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात. म्हणून केवळ 'विष चढले' एवढ्याने भागत नाही.

तपासणीला मोठी यंत्रे लागत नाहीत. प्रथम दुरूनच पाहावे: जनावर कसे उभे आहे, चालताना कोणता पाय ओढते, हाकेला कान टवकारते का. मग पशुवैद्य डोळ्यासमोर हात झटकन आणतात. पापणी मिटली पाहिजे. (नवजात वासरात ही प्रतिक्रिया पहिले काही दिवस नसते, हे विसरू नये.) खूर मुडपून ठेवला तर निरोगी जनावर तो लगेच सरळ करते. शेपटीचा जोर, कानाला व नाकपुडीला स्पर्श, कातडीला चिमटा यांतून मज्जासंस्थेचा कोणता भाग दुखावला ते कळत जाते. घरच्यांनी मात्र लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात उघडा हात कधीही घालू नये. ते पिसाळलेलेही असू शकते.

जपानमधील मिनामाता येथे १९५० नंतरच्या दशकात मांजरे वेड्यासारखी नाचत, झटके येऊन मरू लागली. समुद्रातील माशांतून पाऱ्याचे विष त्यांच्या मेंदूत गेले होते. १९५६ मध्ये माणसांतील रोगाची अधिकृत नोंद झाली. १९५९ मध्ये कारखान्याच्याच रुग्णालयातील डॉक्टर होसोकावा यांनी कारखान्याचे सांडपाणी एका मांजराला खाऊ घातले. ते तसेच आजारी पडले आणि कंपनीने तो निष्कर्ष दडवून ठेवला. अहिंसा मानणाऱ्या समाजाला येथे थांबून विचार करावा लागतो. गावातील मांजरे कित्येक वर्षे आधीच साक्ष देत होती. ती वेळीच नीट वाचली गेली असती, तर आणखी एका जिवाला मुद्दाम विष चारण्याचे कारण किती उरले असते?

प्रश्न सोपा नाही. औषधांच्या चाचण्यांत आजही प्राणी वापरले जातात. पण पांजरपोळात जे जनावर आधीच पीडित आहे, त्याची चाल, बाहुली आणि श्वास यांची वेळेसह वहीत नोंद ठेवण्यात कोणाचीच हिंसा नाही.

दुसरी अडचण मृत जनावराची. गाय गेली की शवविच्छेदनाला मन तयार होत नाही आणि तिला घाईने पुरले जाते. परंतु त्याच दावणीला तोच कडबा खाणारी आणखी जनावरे उभी असतात. १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय मदत मागावी, उरलेला चारा व पाणी बाजूला काढून वेगळे झाकून ठेवावे आणि डॉक्टर येईपर्यंत बाकीच्या जनावरांच्या तोंडी ते लागू देऊ नये.