ग्रंथिज्वर : उपचार थोडे, विश्रांती पुरेशी



जून महिना उजाडला की नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांची वस्ती पाहता पाहता वाढते. दहावीची परीक्षा उत्तीर्ण झालेली मुले-मुली मुखेड, देगलूर, अहमदपूर, निलंगा अशा तालुक्यांतून, तशीच राज्याच्या दूरच्या जिल्ह्यांतूनही येथे शिक्षणासाठी येतात. लातूरच्या राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांच्या निकालांमुळे ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द महाराष्ट्रभर रूढ झाला. पुढे नांदेडही वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीचे मोठे केंद्र बनले. एका खोलीत तिघे-चौघे राहतात. पाण्याचा जार एक, गावाकडून एसटीने आलेला डबा एक, आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत अभ्यास. या वयात आणि अशा सहवासात गाठणारा एक आजार म्हणजे संसर्गजन्य मोनोन्यूक्लिओसिस होय. त्यास ग्रंथिज्वर म्हणणे सोयीचे आहे, कारण ताप आणि मानेतील ग्रंथींची सूज ही त्याची ठळक लक्षणे आहेत.

हा आजार बहुधा आपोआप बरा होतो. तथापि तो बरा होण्यास वेळ लागतो, आणि तो वेळ रुग्णाला मिळवून देणे वैद्यांच्या एकट्याच्या हाती नसते. शिक्षक, गृहपाल, पालक आणि गावचे पंच यांनी तो द्यावयाचा असतो. म्हणून या आजाराची माहिती या सर्वांना असणे अगत्याचे आहे.

आजाराचा शोध

जर्मन वैद्य एमिल फायफर यांनी 1889 मध्ये या तापाचे वर्णन केले. 1920 मध्ये अमेरिकेतील स्प्रंट आणि इव्हान्स यांनी रुग्णांच्या रक्तात एका विशिष्ट प्रकारच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या पाहिल्या आणि आजाराला आजचे नाव दिले. कारण मात्र अज्ञातच राहिले. 1964 मध्ये लंडन येथे अँथनी एपस्टाइन, बर्ट अचाँग आणि इव्हॉन बार यांना युगांडातील बालकांच्या एका अर्बुदाच्या पेशींत नवा विषाणू आढळला. त्यास ‘एपस्टाइन-बार विषाणू’ हे नाव मिळाले. पुढे फिलाडेल्फियातील वेर्नर आणि गर्ट्रूड हेन्ले या दांपत्याच्या प्रयोगशाळेतील एक तंत्रज्ञ तरुणी ग्रंथिज्वराने आजारी पडली. आजारापूर्वी तिच्या रक्तात या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे नव्हती. आजारानंतर ती आढळली. या धाग्यावरून 1968 मध्ये विषाणू आणि ग्रंथिज्वर यांचा संबंध प्रस्थापित झाला.

जगातील सुमारे 90 ते 95 टक्के प्रौढांना हा विषाणू केव्हा ना केव्हा गाठून गेलेला असतो. आजी आपल्या ताटातील घास नातवाला भरवते, भावंडे एकाच पेल्याने पाणी पितात, अशा घरांत तो बालपणीच शरीरात शिरतो. त्या वयात त्याचा त्रास नगण्य असतो. साधा ताप समजून तो विसरला जातो. बालपणी जे त्यातून सुटतात, त्यांना तो तारुण्याच्या उंबरठ्यावर गाठतो आणि तेव्हा मात्र अंथरुणाला खिळवितो.

लक्षणे आणि निदान

विषाणूचा प्रवेश झाल्यापासून सुमारे चार ते सहा आठवड्यांनी लक्षणे दिसू लागतात. प्रथम अंग मोडून येते, भूक मंदावते. नंतर ताप चढतो, घसा इतका दुखतो की घोट गिळवत नाही, टॉन्सिलवर पांढरा थर दिसतो, आणि मानेच्या दोन्ही बाजूंस, विशेषतः मागील बाजूस, गाठी हाताला लागतात. जवळजवळ निम्म्या रुग्णांत पाणथरी म्हणजे प्लीहा वाढते. यकृतावर थोडी सूज येणे नेहमीचे आहे; काहींना सौम्य कावीळही होते.

हीच लक्षणे इतर आजारांतही दिसतात. घशातील पांढरा थर घटसर्पाचा असू शकतो. दीर्घ ताप विषमज्वराचा किंवा डेंग्यूचा असू शकतो. मानेतील गाठी क्षयाच्या म्हणजे गंडमाळेच्या असू शकतात. म्हणून निदान अंदाजाने न करता तपासणीने करावे. साध्या रक्ततपासणीत विशिष्ट लसिका पेशी वाढलेल्या दिसतात. पॉल आणि बनेल यांनी 1932 मध्ये दाखविलेल्या तत्त्वावर आधारलेली चाचणीही उपयोगी पडते. मात्र पहिल्या आठवड्यात ती कित्येकदा नकारात्मक येते. अशा वेळी विषाणूविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी करता येते. प्राथमिक आरोग्य केंद्रात शंका आल्यास रुग्णाला नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेच्या रुग्णालयात पाठविता येते.

उपचाराची मर्यादा

या विषाणूवर नेहमीच्या वापरातले विशिष्ट औषध नाही, आणि त्याविरुद्धची लसही अद्याप वापरात आलेली नाही. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. उलट, घसा सुजला म्हणून अ‍ॅम्पिसिलीन किंवा अ‍ॅमॉक्सिसिलीन दिल्यास ग्रंथिज्वराच्या अनेक रुग्णांच्या अंगावर लाल पुरळ उठते. मग ‘या मुलाला औषध सोसत नाही’ असा चुकीचा शिक्का त्याच्यावर आयुष्यभरासाठी बसतो. घशात जिवाणूंचाही संसर्ग असल्याचे तपासणीत आढळले, तरच कोणते प्रतिजैविक द्यावे हे डॉक्टर ठरवितात. अंगात ताकद यावी म्हणून सलाईन लावून घेण्याची जी रीत पडली आहे, तिचाही पाणी पिऊ शकणाऱ्या रुग्णाला उपयोग नाही.

ताप व वेदना यांसाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि भरपूर द्रवपदार्थ एवढे बहुतेकांना पुरेसे होते. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये. ज्वारीच्या कण्या, आंबील, ताक, मुगाचे पातळ वरण, भाताची पेज हा घरचा आहार गिळण्यास सोपा आणि पोषक आहे. यकृत सुजलेले असते तोवर मद्य कटाक्षाने टाळावे. गाठी चोळू नयेत. पोटही दाबून पाहू नये.

पाणथरीची जपणूक

या आजारातील सर्वांत गंभीर धोका वाढलेल्या पाणथरीचा आहे. ती नाजूक झालेली असते आणि आघाताने, क्वचित आपोआपही, फुटू शकते. असे शंभरांत एकाहूनही कमी रुग्णांत घडते. परंतु घडल्यास ते प्राणावर बेतते. हा धोका पहिल्या तीन आठवड्यांत अधिक असतो.

ताप उतरला आणि घसा मोकळा झाला की तरुण रुग्णाला आपण बरे झालो असे वाटते. नेमका तोच काळ सांभाळावयाचा असतो. किमान तीन-चार आठवडे, आणि त्यानंतरही डॉक्टरांनी अनुमती देईपर्यंत, कबड्डी, खो-खो, कुस्ती, कवायत बंद ठेवावी. माळेगावच्या यात्रेतील फड जवळ आला म्हणून मल्लाने घाई करू नये. सोयाबीनची रास झाल्यावर पोती उचलण्यासाठी सुट्टीवर आलेल्या मुलाला बोलावू नये. पोटाच्या डाव्या बाजूस वर अचानक तीव्र कळ येणे, डाव्या खांद्यात दुखणे, घेरी येणे, अंग पांढरे पडणे, श्वास कोंडणे किंवा पाणीही न गिळवणे, यांपैकी काहीही दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. डोळे पिवळे झाल्यास, ताप दोन आठवड्यांपुढे गेल्यास अथवा गाठ महिनाभरात न ओसरल्यास पुन्हा तपासणी करून घ्यावी.

गैरसमज आणि कलंक

हा विषाणू मुख्यतः लाळेतून पसरतो. पाश्चात्त्य देशांत त्यास ‘चुंबनाचा आजार’ म्हणतात. हे नाव अर्धवट माहितीसह आपल्याकडे पोहोचले, म्हणजे आजारी मुलीकडे संशयाने पाहिले जाते, प्रसंगी तिचे शिक्षणच थांबते. हा घोर अन्याय आहे. एका बाटलीला तोंड लावून पाणी पिणे, एकाच चमच्याने खाणे, उष्टा पेला न धुता वापरणे एवढ्याने संसर्ग होऊ शकतो. आजारावरून कोणाच्याही वर्तनाचा निष्कर्ष काढता येत नाही.

रुग्णाला वसतिगृहातून काढण्याचेही कारण नाही. बरे झालेल्या माणसाच्या शरीरात हा विषाणू आयुष्यभर सुप्त राहतो आणि अधूनमधून लाळेत उतरतो. म्हणजे निरोगी दिसणाऱ्या अनेकांकडूनही तो पसरत असतो. एकाला दूर केल्याने बाकीचे सुरक्षित होत नाहीत. किनवट भागातील आश्रमशाळा असो की शहरातील समाजकल्याण वसतिगृह, प्रत्येकाचा पेला व ताट वेगळे असावे आणि भांडे ओठांना न लावता वरून पाणी पिण्याची जुनी सवय पुन्हा लावावी. एवढी व्यवस्था बिनखर्चाची आहे, आणि तिने इतर अनेक रोगही टळतात.

परतीची वाट

ताप बहुधा एक ते दोन आठवड्यांत आणि गाठी दोन-तीन आठवड्यांत ओसरतात. थकवा मात्र मागे रेंगाळतो. बहुतेकांचा तो महिनाभरात जातो. दहांतील एखाद्याला सहा महिन्यांपर्यंतही पुरतो. पूर्वी पहिल्या बाकावर बसणारा मुलगा वर्गात पेंगू लागतो, वाचलेले डोक्यात राहत नाही, सराव परीक्षेतील गुण घसरतात. घरून विचारणा होते, कारण त्याच्या शिक्षणासाठी वडिलांनी कर्ज काढलेले असते. अशा वेळी त्यास आळशी म्हटले, तर शरीराच्या दुखण्यात मनाच्या दुखण्याची भर पडते.

म्हणून परत येणे पायरी-पायरीने असावे. प्रथम दिवसातून तासभर वाचन, नंतर अर्धा दिवस वर्ग, मग पूर्ण दिवस. सतत अंथरुणात पडून राहणे हितावह नाही. थोडे चालावे, दमण्यापूर्वी थांबावे. रात्रीची जागरणे बंद असावीत. मुख्याध्यापकांनी वैद्यकीय प्रमाणपत्रानुसार हजेरीचा प्रश्न वेळीच सोडवावा, कवायतीतून सूट द्यावी, बुडालेला अभ्यास सवंगड्यांकडून मिळवून द्यावा. परीक्षा चुकली तर पुरवणी परीक्षेचा मार्ग आहे, हे पालकांना समजावून सांगणारा वडीलधारा माणूस गावात असावा. पंचायत सदस्याने हे काम आपले मानले, तर एखाद्या घरावरचे मोठे दडपण हलके होईल.

पेरणी झाल्यावर अंकुर वर येण्यास लागणारे दिवस शेतकरी जाणतो. रोज माती उकरून तो बियाणे पाहत नाही. आजारातून उठणाऱ्या तरुणाच्या बाबतीत तेवढाच धीर समाजाने दाखविला, तर काही आठवड्यांनी तो स्वतःच्या पायांनी पुन्हा वर्गात येईल आणि पुढचे वर्ष त्याचे असेल.