नकार देण्याचे शिक्षण



बंगळूरहून होसूरच्या रस्त्याने निघाले की इलेक्ट्रॉनिक सिटी मागे पडताच बोम्मसंद्राची औद्योगिक वसाहत लागते. आनेकल तालुक्यातील हे एके काळचे खेडे. आज तेथे कारखाने आहेत, मोठे रुग्णालय आहे आणि ऑगस्ट 2025 पासून मेट्रोच्या पिवळ्या मार्गाचे अखेरचे स्थानकही आहे. अशा वसाहतीत पुष्कळ घरी आईबाप दोघेही पाळीवर जातात. शाळा सुटणे आणि घरी मोठे माणूस परतणे यांत काही तासांची पोकळी राहते. सिगारेटचा पहिला झुरका बहुधा अशाच पोकळीत ओढला जातो, आणि दुबळ्या मुलाचा छळही तेथेच होतो. व्यसन व छळ हे दोन निराळे विषय मानण्याची आपल्याला सवय आहे. वस्तुतः दोहोंच्या मुळाशी एकच गोष्ट असते: टोळक्यासमोर एकटे पडण्याचे भय.

मार्च 2009 मध्ये हिमाचल प्रदेशातील टांडा येथील वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी रॅगिंगला बळी पडला. त्यास मारहाण करणारे चार वरिष्ठ विद्यार्थी दारूच्या नशेत होते. पुढे 2010 मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून शिक्षा दिली. ही मुले सराईत गुन्हेगार नव्हती. उद्याचे डॉक्टर होती, हे येथे विसरून चालत नाही. अमनच्या वडिलांनी शोक आवरून रॅगिंगविरोधी चळवळ उभारली. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने कडक विनियम केले आणि देशव्यापी मदतवाहिनी सुरू झाली.

कायद्यांची उणीव तत्पूर्वीही नव्हती. अमली पदार्थांविषयीचा केंद्रीय कायदा 14 नोव्हेंबर 1985 रोजी, म्हणजे योगायोगाने बालदिनीच, अमलात आला. महाराष्ट्राने 1999 मध्ये रॅगिंगविरुद्ध स्वतंत्र अधिनियम केला. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास 2003 च्या कायद्याने बंदी आहे. परंतु शाळेच्या फाटकाशी उभे राहून सभोवार पाहिले, तर या बंदीचे काय झाले ते सांगावयास नको. कायदा घटना घडल्यावर येतो. घटनेपूर्वीचे काम दुसऱ्या कोणी तरी करावे लागते.

ते कसे करावे, याचा एक धडा नॉर्वेने दिला. 1982 च्या अखेरीस त्या देशाच्या उत्तर भागात तीन मुलांनी आत्महत्या केल्या. सोबत्यांकडून होणारा छळ हे त्यामागील कारण असल्याचे मानले गेले. तेव्हा डान ओल्व्हेउस या मानसशास्त्रज्ञाने बर्गन शहरातील 42 शाळांतून सुमारे 2500 विद्यार्थ्यांमध्ये काम केले, आणि दोन वर्षांत छळाचे प्रमाण निम्म्याच्या आसपास उतरले. त्यांच्या पद्धतीत जादू काहीच नव्हती. मधल्या सुटीत मोठ्या माणसांनी पटांगणावर लक्ष ठेवावे, वर्गाने मिळून नियम ठरवावेत, आणि छळणारा व छळला जाणारा या दोघांशीही गंभीरपणे बोलावे, इतकेच. छळ पाहून गप्प बसणारी मुलेही या कामाच्या कक्षेत आली, हे विशेष.

मराठी वाचकास याहून जवळचे उदाहरण पुण्याचे आहे. ब्राऊन शुगर, म्हणजेच गर्द, महाविद्यालयीन तरुणांत शिरली असता अनिल अवचट यांनी तिच्याविषयी लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी देणगी दिली आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झाले. डॉ. अनिता अवचट या त्याच्या प्राण होत्या. व्यसनी मुलगा म्हणजे गुन्हेगार नव्हे, तो रुग्ण आहे, ही त्यांची भूमिका तेव्हाच्या समाजास पचण्यासारखी नव्हती. तेथील निवासी उपचार 35 दिवसांचा. परंतु खरी कसोटी त्यानंतरच लागते. घरी परतलेल्या मुलास जुने मित्र कोपऱ्यावर भेटतातच. म्हणून पाठपुरावा आणि कुटुंबाचे समुपदेशन यांना तेथे औषधाइतकेच महत्त्व दिले गेले.

मुक्तांगणात येणारा मुलगा मात्र आधीच पुरात सापडलेला असतो. पुराच्या अलीकडे काय करावे? बोम्मसंद्राहून फार दूर नसलेल्या निम्हान्स या संस्थेने शाळांसाठी जीवनकौशल्यांचा कार्यक्रम तयार केला, त्याचा रोख इकडे आहे. त्यात बाहेरून वक्ता आणून व्याख्यान झोडले जात नाही. (असल्या व्याख्यानांनी मुलांचे कुतूहलच जागे होते, असा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे.) शाळेतील शिक्षकांनाच प्रशिक्षण दिले जाते, आणि ते मुलांकडून चर्चा व छोटी नाट्ये करवून घेतात.

असा एक प्रसंग कल्पावा. तीन मुले चौथ्यापुढे गुटख्याची पुडी धरतात. "घाबरलास काय?" असे एकजण म्हणतो. चौथ्याने भांडावयाचे नाही, उपदेशही करावयाचा नाही. "नको, मला जायचे आहे" इतकेच म्हणून चालू लागावयाचे. पहिल्या खेपेस वर्ग हसतो. दुसऱ्या खेपेस त्याच्या जागी पुडी धरणारा मुलगा येतो, आणि "नको" हे दोन अक्षरी उत्तर त्याच्या तोंडून लवकर बाहेर पडत नाही. तेव्हा हसणे थांबते. मग शिक्षक पुढल्या मुलाचे नाव पुकारतात.