वायमार : चौदा वर्षांची लोकशाही
(युवक शिबिरात केलेलं भाषण)



मी विद्वान नाही. मॅट्रिक झालो नि गोदीत गेलो. पुस्तकं वाचतो ती पाळी सुटल्यावर. म्हणून जर्मनीची ही कथा बंदरापासनं सांगतो.

१९१८. युद्ध हरलेलं, पण साहेबांना इभ्रतीसाठी आरमार अखेरच्या लढाईत झोकायचं होतं. खलाशांनी हुकूम मोडला. नोव्हेंबरात कील बंदरात बंड पेटलं नि ९ तारखेला कैसर गेला. प्रजासत्ताक आलं. वायमारला घटना झाली, बायांनाही मत मिळालं.

कैसर गेला, पण त्याचे न्यायाधीश, सेनापती, जमीनदार खुर्चीला चिकटूनच राहिले. घोटाळा इथनं सुरू होतो.

१९१९च्या जानेवारीत बर्लिनमध्ये डाव्यांनी उठाव केला. सरकार सोशल डेमोक्रॅटांचं, म्हणजे कामगारांच्याच पक्षाचं. त्यांनी तो मोडायला उजव्या भाडोत्री पलटणी आणल्या. १५ जानेवारीला रोझा लक्झेंबुर्ग आणि कार्ल लीबक्नेख्त यांचा खून झाला. रोझाचं प्रेत कालव्यात फेकलं, ते मे संपता संपता सापडलं. हे रक्त पुढं कायम दोन कामगार पक्षांच्या मधे सांडलेलं राहिलं.

काही शहाणे म्हणतात, डावे-उजवे दोन्ही सारखेच माजले होते. गुंबेल नावाच्या गणितज्ञानं १९२२पर्यंतचे राजकीय खून मोजले. उजव्यांचे ३५४, डाव्यांचे २२. त्या २२ खुनांपायी दहा जणांना देहदंड झाला. ३५४पायी एकालाही नाही! हिटलरनं १९२३मध्ये म्युनिकला बंड केलं, पाच वर्षांची शिक्षा झाली, नि १९२४च्या डिसेंबरात गडी बाहेर. न्यायाचा तराजू असा.

टाळ्या थांबवा. पुढचं आपल्याला झोंबणारं आहे.

मार्च १९२०मध्ये काप नावाच्या इसमानं फौज घेऊन बर्लिन ताब्यात घेतलं. सरकार पळालं. पण कामगारांनी संप पुकारला. गाड्या बंद, वीज बंद, पाणी बंद. राजधानी हातात असूनही कापला काही करता येईना. पाच दिवसांच्या आत पळाला.

त्याच कामगारांत पुढं काय झालं? १९२८नंतर मॉस्कोची लाईन आली : सोशल डेमोक्रॅट हेच खरे शत्रू, तेच फॅसिस्ट. १९३१मध्ये प्रशियातलं त्यांचं सरकार पाडायला कम्युनिस्टांनी नाझींच्या बाजूनं मतं मागितली. नोव्हेंबर १९३२मध्ये बर्लिनच्या ट्रामवाल्यांची मजुरी कापली, संप झाला. मागणी खरीच होती. पण संपाच्या रांगेत कम्युनिस्ट नि नाझी खांद्याला खांदा लावून उभे! त्याच आठवड्यात निवडणूक झाली. सोशल डेमोक्रॅट १२१, कम्युनिस्ट १००, नाझी १९६. बेरीज तुम्हीच करा. ते दोघं एकमेकांशी बोलायलासुद्धा तयार नव्हते.

माझा एक कॉम्रेड दोस्त म्हणतो, दोष सोशल डेमोक्रॅटांचाच. तेही खोटं नाही. २० जुलै १९३२ला चॅन्सेलर पापेननं त्यांचं प्रशियातलं सरकार हाकललं, तेव्हा ते संप न करता कोर्टात गेले. साठ लाखांच्या आसपास बेकार होते म्हणा. एक बाहेर पडला की त्याच्या जागेसाठी तिघं गेटवर उभे असतात, हे मला कुणी शिकवायला नको. तरीही वाटतं, एकदा चाक थांबवून बघायला हवं होतं.

३० जानेवारी १९३३ला म्हाताऱ्या हिंडेनबुर्गनं हिटलरला चॅन्सेलर केलं. शेटजी नि जमीनदारांना वाटलं, हा आपल्या खिशात राहील. २३ मार्चला सगळी सत्ता त्याच्या हाती देणारा कायदा आला. विरोधात मतं ९४, सगळी सोशल डेमोक्रॅटांची. कम्युनिस्टांच्या ८१ जागा रिकाम्या. माणसं तुरुंगात, नाहीतर भूमिगत. आता दोघांनाही कळलं होतं कोण कुणाचा शत्रू.

त्या वर्षी हिटलरनं १ मेला भरपगारी सुट्टी दिली. मोठमोठे मोर्चे, कामगारांच्या नावाचा जयजयकार. काही युनियन पुढारीसुद्धा खूश. २ मेला सकाळी नाझी टोळ्या देशभरच्या युनियन ऑफिसांत शिरल्या, पुढाऱ्यांना धरून नेलं नि पैशाच्या पेट्या उचलल्या.